भट्टी गार होईपर्यंत

बाईंच्या घरात राहायचं तर भाड्यापेक्षा अटी महाग होत्या. भट्टी चालू असताना मिक्सर लावायचा नाही. इस्त्री लावायची नाही. बादलीत हीटर टाकायचा नाही. दार आपटायचं नाही, आणि मागच्या खोलीत कुणी डोकावायला लागलं तर त्याला चहा पाजून बाहेरच्या बाहेर वाटेला लावायचं. मी खोली बघायला गेले त्या दिवशी त्यांनी हे सगळं दारातच उभं राहून सांगितलं आणि मग मला आपादमस्तक न्याहाळून विचारलं, "पाट्यावर चटणी वाटता येते का?"

मी "हो" म्हणून टाकलं. येत नव्हती. जव्हारच्या प्रकल्प कार्यालयात माझी नवी नोकरी, नाशिकहून रोज घाट चढउतार करणं शक्य नव्हतं, आणि एकट्या मुलीला खोली द्यायला गावात कुणी फारसं उत्सुक नव्हतं. त्यामुळे पाटा-वरवंटा शिकणं भाग पडलं. मागच्या खोलीतली भट्टी सुरू झाली की माझ्या खोलीतला दिवा एकदम पिवळा पडायचा आणि पंखा दमेकऱ्यासारखा चालायचा. मग मी मुकाट्याने पाट्याकडे वळायची.

बाई म्हणजे चित्रकलेच्या निवृत्त शिक्षिका. मोखाड्याकडच्या आश्रमशाळांत आणि मग जव्हारला मिळून त्यांची सगळी नोकरी झालेली. डेपोपासून बाजारापर्यंत चालत गेलं तर निम्मी माणसं त्यांना वाकून नमस्कार करायची आणि उरलेली निम्मी रस्ता बदलायची. माझे साहेबसुद्धा त्यांच्या हाताखालून गेलेले. "बाईंकडे राहता?" असं त्यांनी मला पहिल्या दिवशी विचारलं आणि नकळत स्वतःचीच बोटं चोळली. पट्टीचा मार इतकी वर्षं टिकतो हे मला तेव्हा कळलं.

सुती नऊवारीवर पुरुषी पूर्ण बाह्यांचा सदरा, गळ्यात काळा गॉगल लटकवलेला, पायांत कॅनव्हासचे बूट. अशा वेशात त्या बाजारात यायच्या. नायलॉन अंगाला लावायच्या नाहीत, भट्टीजवळ ते चटकन पेटतं म्हणून. लग्न केलेलं नव्हतं. हातात बांगडी कधी दिसली नाही. बोटांवर मात्र बारीक पांढऱ्या वणांची जाळी होती. गाव त्यांना काचवाल्या बाई म्हणायचं, आणि त्यांना ते माहीत होतं.

दर सोमवारी त्या गोणी घेऊन शिरपामाळला जायच्या. शनिवार-रविवारी तिथे मुंबईकडचे लोक फिरायला येतात, महाराजांच्या मुक्कामाच्या जागेपाशी फोटो काढतात आणि जाताना बाटल्या टाकून जातात. बाई त्या वेचायच्या. एकदा मी सोबत होते. सोमवारीही तिथे रेंगाळलेल्या एका पाहुण्याने दया येऊन आपल्या हातातली रिकामी बाटली पुढे केली, "ही पण घ्या मावशी." बाईंनी ती उलटी करून बूड पाहिलं आणि परत त्याच्या हातात दिली. "ही नको. दुसऱ्या कारखान्याची आहे." तो माणूस बाटली हातात धरून कितीतरी वेळ आमच्याकडे बघत राहिला.

दुसऱ्या कारखान्याची बाटली का नको, हे मला त्यांच्या मागच्या खोलीत कळलं. ती खोली पूर्वी भात साठवायची होती. साखरशेतच्या शेतातलं भात बैलगाडीने इथे यायचं, असं त्या सांगत. आता तिथे भिंतीलगत फळ्या होत्या आणि फळ्यांवर काचा. पाडलेल्या शाळांच्या खिडक्यांतल्या लांबट पट्ट्या, औषधाच्या तपकिरी बाटल्या, हिरव्या बाटल्या, सगळ्यांचे वेगळे ढीग. एका ढिगातला तुकडा दुसऱ्यात गेला तर त्या दिवसभर बोलायच्या नाहीत. मध्ये मोठं टेबल, त्यावर जुनी गोधडी पसरलेली. काच मऊ जागेवरच कापायची असते. हिऱ्याच्या टोकाची हिरकणी रॉकेलात बुडवायची, पट्टी धरायची आणि एका दमात ओढायची. मी एकदा ओढलेल्या रेघेवरून हिरकणी पुन्हा फिरवायला गेले, तर बाईंनी मनगट धरलं. "एकदाच. दुसऱ्यांदा फिरवलंस की हिरकणी पण जाते नि काच पण." मग त्या काच उचलून खालून हलकेच टकटक करायच्या, दोन्ही हातांत धरून मोडायच्या, आणि ती बरोबर रेघेवर मोडायची. टेबलावरचा काचेचा चुरा मळलेल्या कणकेच्या गोळ्याने टिपून घ्यायच्या. त्या गोळ्याचं काय करतात असं मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "तुला पोळ्या करून घालते."

एसटी डेपोतला एक माणूस, त्यांचाच विद्यार्थी, एकदा मोठ्या भक्तीने बसची फुटकी काच घेऊन आला. बाईंनी त्याला ती तशीच परत न्यायला लावली. "हिचं काय करू? ही फुटली की साबुदाणा होते. खिचडी कर जा."

भट्टी म्हणजे लोखंडी पेटी, आतून पांढऱ्या विटा लावलेली, वर जड झाकण आणि कडेला आत बघायला एक भोक. मुंबईच्या कुठल्याशा कलाशाळेने काढून टाकली आणि बाईंनी टेम्पोने जव्हारला चढवून आणली. आतल्या फळीला त्या ब्रशने पांढऱ्या मातीचा हात द्यायच्या, आधी आडवा, मग उभा, नाहीतर काच फळीलाच चिकटून बसते. काचेचे तुकडे स्पिरिटने पुसून एकावर एक मांडायचे, हात न लावता, कारण बोटाचा ठसा भाजला गेला तर तो तसाच राहतो. दोन काचांच्या मध्ये कधी पळसाचं पान ठेवायच्या, कधी नाचणीचं. पान आत जळून जायचं आणि त्याच्या शिरांची पांढरी राख काचेत जशीच्या तशी उमटायची. उष्णतेचा काटा चढत गेला की भोकातून बघायला बोलवायच्या. आतल्या तुकड्यांच्या कडा गोल होत, ते एकमेकांत मिसळत आणि लालसर उजेडात एकच काच होऊन बसत.

पण खरी परीक्षा तिथून पुढे असते. वितळणं सोपं. काच गार करणं अवघड. ती हळूहळू गार करावी लागते, काटा थोडा खाली, मग थांबायचं, पुन्हा थोडा खाली. दुसऱ्या दिवसापर्यंत झाकणाला हात लावायचा नाही. घाई केली की काच आतून ताणाने भरते. वरून दिसायला सुरेख, आणि मग कधीतरी, कुणी हात लावलेला नसताना, फळीवर बसल्या बसल्या तडकते. दोन वेगळ्या कारखान्यांच्या काचा जोडल्या तरी तेच. "वितळताना दोघी एक होतात," बाई म्हणायच्या, "पण गार होताना एक जास्त आकसते नि एक कमी. मग एकमेकींना ओढत बसतात."

त्यामुळे "गार होऊ दे" हे बाईंचं सगळ्यावरचं औषध होतं. डाळ करपली, गार होऊ दे. शेजारणीशी भांडण झालं, गार होऊ दे. एकदा साहेबांनी सगळ्यांसमोर माझा पाणउतारा केला आणि मी तरातरा घरी येऊन राजीनामा लिहायला बसले. बाईंनी माझ्या हातातलं पेन काढून घेतलं. "मागे भट्टी गार होतेय. ती उघडेपर्यंत काही लिहू नकोस." मी चिडून जेवले नाही. भट्टी दुसऱ्या दिवशी दुपारी उघडली, तोवर मला राजीनाम्यातलं एक वाक्यही धड आठवेना. आज मी नोकरीत टिकून आहे ती त्या भट्टीच्या कृपेने.

एका शाळेच्या मुख्याध्यापकांना मात्र हे औषध लागू पडलं नाही. त्यांच्याकडे कुणी मोठे पाहुणे यायचे होते आणि त्यांना द्यायला बाईंच्या हातची पानाची काच हवी होती. ऐन वेळी वीज गेली, भट्टीचं वेळापत्रक कोलमडलं, आणि बाईंनी निरोप पाठवला की उद्याशिवाय मिळणार नाही. मुख्याध्यापक स्वतः आले. बाई पाणी आणायला वळल्या तेवढ्यात त्यांनी "बघू तरी झालीय का" म्हणून झाकण वर केलं. आतून एक बारीक आवाज आला, टिंग, आणि पाठोपाठ आणखी दोन-तीन. बाई तांब्या घेऊन परत आल्या. मला वाटलं, आता या माणसाचं काही खरं नाही. पण त्यांनी त्याला पाणी दिलं, चहा करून पाजला आणि दारापर्यंत पोचवलं. तो गेल्यावर त्या भट्टीजवळ बसल्या आणि म्हणाल्या, "मी पण असंच झाकण उघडलं होतं एकदा." कसलं झाकण ते त्यांनी सांगितलं नाही, आणि त्यांचा चेहरा बघून मी विचारलं नाही.

ते मला कळलं हिरव्या बांगड्यांमुळे.

टेबलाच्या खणात बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा होता. त्यात फडक्यात गुंडाळलेल्या हिरव्या काचेच्या बांगड्या. साध्या, बाजारात मिळतात तशाच. बाई मधूनच त्यातली एक बांगडी काढायच्या, दोन साध्या काचांच्या मध्ये अलगद ठेवायच्या आणि भट्टी लावायच्या. काच बाहेर यायची तेव्हा तिच्यात हिरवं कडं तरंगल्यासारखं दिसायचं, इतकं देखणं की मी हरखून जायची. बाई हरखायच्या नाहीत. बंद पडलेल्या कॅल्क्युलेटरांच्या पडद्यांवरच्या दोन काळसर फिल्म त्यांनी जपून ठेवल्या होत्या. एक काचेखाली, एक वर, आणि वरची आडवी फिरवायच्या. मधलं सगळं काळं व्हायचं. पण बांगडीच्या भोवती पांढरा उजेड दिसत राहायचा. "ताण," त्या म्हणायच्या. ती काच त्या फळीच्या टोकाला ठेवायच्या आणि कधी चार दिवसांनी, कधी महिन्याने ती तडकायची. बांगडीसकट.

मी काही शहाणपणा शिकवायला गेले. म्हटलं, "बाई, बाजारातून नव्या बांगड्या आणून प्रयोग करा ना. या संपतील."

"नव्या ह्यांच्यासारख्या नसतात. लागेल तर ह्यांचंच गणित लागेल."

"पण या आहेत कुणाच्या?"

तेव्हा त्यांनी सांगितलं. काच कापता कापता, माझ्याकडे न बघता.

त्यांची धाकटी बहीण मोखाड्याच्या पुढे डोंगराकडच्या एका गावात दिलेली. बाई शिकल्या, नोकरीला लागल्या. धाकटी नवऱ्याबरोबर नाचणी-वरई पेरत राहिली. सुखात होती. मग एका पावसाळ्यात तिचा नवरा तापाने गेला. बाई पोचल्या तेव्हा अंगणात मढं ठेवलेलं होतं आणि गावातल्या बाया धाकटीच्या बांगड्या फोडायला तिच्याभोवती बसल्या होत्या. बाई त्या काळात शाळाशाळांतून विधवांच्या चालीरीतींविरुद्ध भाषणं द्यायच्या. त्या सरळ गर्दीत शिरल्या. "माझ्या बहिणीच्या हाताला दगड लावायचा नाही," म्हणाल्या. धाकटीच्या मनगटाला तेल लावलं आणि एकेक बांगडी अख्खी सोडवून रुमालात बांधली. बाई मास्तरीण, गावातल्या निम्म्या पोरांना त्यांनी शिकवलेलं, त्यामुळे कुणी अडवलं नाही. धाकटी हात पुढे धरून बसून राहिली. रडलीही नाही. प्रेत गेलं.

"मला वाटलं, मी तिला वाचवली," बाई म्हणाल्या.

तेराव्याला त्या पुन्हा गेल्या तेव्हा धाकटीने त्यांना दारातच थांबवलं.

"त्या बांगड्या त्याच्यासंगती जायच्या होत्या, ताय. त्याच्या हातानं भरलेल्या. तू मना विचारला का? माझा रडना तू रुमालात बांधून नेलास."

त्यानंतर पंधराएक वर्षं धाकटी जव्हारला आली नाही. बाई गेल्या तर ती पाणी द्यायची, चहा द्यायची आणि कामाला निघून जायची. बांगड्या परत द्यायला नेल्या, तर म्हणाली, आता काय करू त्यांचं, घालू का फोडू? बाईंनी मग ठरवलं की त्यांचं असं काही करायचं, जे धाकटीला घरात ठेवता येईल. निवृत्त झाल्यावर कुठून कुठून माहिती काढून काचेचं हे काम शिकल्या, ते त्यासाठी. पानं, बाटल्या, सगळं नंतरचं. गाव ज्याला म्हातारीचा छंद म्हणत होतं, ते खरं तर हे होतं.

मला त्या दिवशी बाईंचा राग आला आणि कणवही आली. ज्या बाईने मला राजीनामा लिहू दिला नाही, तिने बहिणीच्या आयुष्यातली सर्वांत मोठी घटका अशी एका झटक्यात आपल्या ताब्यात घेतली होती. तेही चांगल्या हेतूने. बाईंनी मोडू नये ते मोडलं नव्हतं. मोडायचं होतं ते मोडू दिलं नव्हतं.

त्याच हिवाळ्यात बाईंच्या छातीत दुखायला लागलं. काही दिवस दवाखान्यात काढले आणि औषधांची पिशवी घेऊन घरी आल्या. डॉक्टरांनी जड उचलायचं नाही, भट्टीजवळ बसायचं नाही असं बजावलेलं. बाईंनी दुसऱ्याच दिवशी डबा काढला. डब्यात उरल्यासुरल्या मोजक्याच बांगड्या होत्या. त्या सगळ्या त्यांनी एकाच काचेवर मांडल्या, एकीत एक गुंतवून, वर दुसरी काच ठेवली. झाकण मी लावलं. मला त्या दिवशी काहीतरी उमगलं असावं, कारण मी कार्यालयात जाताना डेपोत थांबले आणि मोखाड्याच्या गाडीच्या कंडक्टरला निरोप दिला. तोही बाईंचाच विद्यार्थी. "धाकलीला सांगतो," म्हणाला, "पण ती यायची नाय."

ती आली. दुसऱ्या दिवशी दुपारी दारात उभी, डोक्यावर नाचणीच्या पिठाचं गाठोडं. बाईंसारखाच चेहरा, फक्त उन्हाने रापलेला. मनगटं उघडी. बाई खुर्चीतून उठायला गेल्या, तर ती म्हणाली, "बस तू. कशी हाय तब्बेत?"

"बरी आहे."

"बरा हाय मंग."

एवढंच बोलणं झालं. मी भाकरी थापायला घेतल्या, तर तिने परात माझ्याकडून ओढून घेतली. जेवण झाल्यावर ती संध्याकाळच्या गाडीने निघायचं म्हणाली. बाई म्हणाल्या, "उद्या जा. भट्टी गार व्हायचीय. या खेपेला एक दिवस जास्त ठेवलीय."

"भट्टीचा नि माझा काय?"

"तुझंच आहे त्यात."

धाकटीने गाठोडं परत खाली ठेवलं. उरलेला दिवस त्या दोघी मागच्या खोलीत भट्टीच्या दोन बाजूंना बसून होत्या. धाकटी झाकणावर हात ठेवून बघायची, "अजून ऊन हाय." बाई म्हणायच्या, "हात नको लावू." त्यांच्या आईची जुनी गाय, साखरशेतचा ओढा, असं काहीबाही बोलणं मधूनच निघायचं आणि विरून जायचं. नवऱ्याचं नाव एकदाही आलं नाही.

सकाळी बाईंनी झाकण उघडलं. काच अखंड होती. बांगड्या एकमेकींत गुंतून हिरव्या वेलीसारख्या झाल्या होत्या. धाकटी चूल पेटवायला गेली होती. बाईंनी मला फिल्म धरायला सांगितली. मी वरची फिरवली. प्रत्येक बांगडीभोवती उजेड होता, आजवर कधी पाहिला नव्हता इतका लख्ख. बाईंनी तो बराच वेळ बघितला. मग फिल्म खणात टाकल्या, काच टॉवेलात गुंडाळली आणि धाकटीला हाक मारली.

धाकटीने टॉवेल उघडला. बांगड्या ओळखायला तिला क्षणही लागला नाही. तिने काचेवरून बोट फिरवलं.

"घरी ने," बाई म्हणाल्या. "कापडातच ठेव. आवाज आला तर घाबरू नकोस."

धाकटीने काच गाठोड्यात ठेवली आणि गाडीला निघून गेली. मी मात्र बाईंवर उखडलेच. ताण असलेला एक तुकडा त्यांनी कधी घराबाहेर जाऊ दिला नव्हता, आणि आज हे!

"बाई, ती फुटेल."

"फुटेल."

"तुम्हाला दिसलं तरी दिलीत?"

"इतकी वर्षं माझ्याच फळीवर फुटत राहिल्या," बाई म्हणाल्या. "त्याचा काय उपयोग? ज्या घरातल्या आहेत त्या घरात फुटू देत."

त्यानंतरचे दिवस मला नको झाले. बाई रोज संध्याकाळी मला विचारायच्या, मोखाड्याची गाडी आली का, कंडक्टर काही म्हणाला का. मी नाही म्हणायची. त्या दिवसांत भट्टी त्यांनी लावली नाही. माझ्या हातून दार आपटलं तरी काही बोलल्या नाहीत, म्हणून मग मीच ते जपून लावायला लागले.

होळीच्या आधी बाजाराच्या दिवशी धाकटी आली. निरोप न देता, आपणहून. चपला काढल्या, बाईंच्या समोर जमिनीवर बसली आणि म्हणाली, "ताय, फुटला."

बाईंनी हातातली काच खाली ठेवली.

"भाकर थापत व्हते दुपारची. फळीवर टिंग झाला. मी उठून कापड उघडला, तं सगळ्या फुटलेल्या. मंग मी बसले तिथंच नि रडले. लय रडले. शेजारीन धावत आली, काय झाला गं, काय झाला. मी सांगला, माझा मानूस गेला. ती सांगते, तो तं कवाचाच गेला. मी सांगला, नाय, आज गेला."

मग तिने सांगितलं की निम्मे तुकडे तिने ओंजळीत घेऊन नदीवर, त्याला जिथे जाळलं होतं तिथे नेऊन टाकले. "निम्मे ठेवले," म्हणाली. का ते सांगितलं नाही. बाई रडायला लागल्या तशी ती गुडघ्यांवर पुढे सरकली आणि तिने बाईंचं डोकं आपल्या छातीशी धरलं. मी तिथून उठले. ते माझं बघायचं नव्हतं.

त्यानंतर धाकटी दर बाजाराला यायला लागली. दोघी मागच्या खोलीत बसायच्या, धाकटीला बाटल्यांची बुडं ओळखता यायला लागली आणि ती चुकीच्या ढिगात बाटली टाकून बाईंच्या शिव्याही खायला लागली. बाई त्या उन्हाळ्यात जेवढं हसल्या तेवढं मी त्यांना आधी कधी हसताना पाहिलं नव्हतं.

पावसाळा सरता सरता बाई गेल्या. सकाळी मी चहा घेऊन मागच्या खोलीत गेले, तर त्या भट्टीशेजारच्या खुर्चीत होत्या, मान एका बाजूला कललेली. भट्टीचं झाकण अजून कोमट होतं. आत त्यांनी साखरशेतहून आणवलेलं नाचणीचं पान ठेवलेलं, हे मला माहीत होतं. कुणी ती उघडू नये म्हणून मी झाकणावर पाटा ठेवला. दुसरं काय करावं ते मला सुचलं नाही.

बाजारपेठ बंद झाली. माझे साहेब आले, डेपोतली माणसं आली, ते मुख्याध्यापकही आले आणि कोपऱ्यात मान खाली घालून उभे राहिले. सगळे धाकटीसाठी थांबले होते. ती मोखाड्याच्या गाडीने आली, गर्दीतून वाट काढत पुढे झाली आणि बाईंच्या पायाशी न बसता हाताशी बसली. पदराची गाठ सोडली. आत हिरव्या काचेचे तुकडे होते. तिने बाईंचा उजवा हात उचलला, तो वणांनी भरलेला हात, सदऱ्याची बाही वर सारली आणि ते तुकडे मनगटाभोवती एकेक करून मांडायला लागली.

एक म्हातारी पुढे झाली. "असा नसतो बाय करायचा. बहिनीसाठी बांगड्या नाय टाकत."

"माझ्या हाततल्या हायेत," धाकटी म्हणाली. "हिना राखल्या. आता गार झाल्या."

म्हातारी मागे सरली. धाकटीने शेवटचा तुकडा ठेवला, बाही परत खाली ओढली आणि मग ती बहिणीच्या हातावर डोकं टेकून मोठमोठ्याने रडली, आणि तिला कुणीही थांबवलं नाही.